आत्याच्या एक्केचाळीस डिस्क: व्हीसीडी-डीव्हीडीतून गाणं सोडवण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

आत्या सांगलीहून आली ती डिस्कची पिशवी घेऊनच. तिच्या गाण्याच्या क्लासच्या गुरुपौर्णिमा, घरातल्या बैठका, मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातली खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा, शिवाय विकत घेतलेल्या भजनांच्या आणि जुन्या चित्रपटगीतांच्या व्हीसीडी. मोजल्या तर एक्केचाळीस. बावीस व्हीसीडी, सोळा डीव्हीडी आणि तीन त्या कॅमेऱ्यातल्या छोट्या, तळहाताएवढ्या.

तिच्याकडचा प्लेअर दोन वर्षांपूर्वीच बंद पडला. "चित्र नको गं मला," ती म्हणाली, "गाणं तेवढं फोनवर दे. मुलींना रियाजाला लागतं." आणि लगेच पुढे, "पण चांगलं दे. तानपुरा ऐकू आला पाहिजे."

ते शेवटचं वाक्य मी या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. असंच काम काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जे चुकलं तेही लिहिणार आहे.

४ नोव्हेंबर

आज फक्त वर्गवारी. घाईने एक डिस्क घालून सुरुवात करायचा मोह झाला होता, पण आधी सगळ्यांना नंबर घातले, पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढले. डिस्कवर नवीन काही लिहिलेलं नाही, नंबर पाकिटावर. सहा डिस्कना कागदी लेबल चिकटवलेली आहेत आणि त्यांच्या कडा सुटल्यात. ती ओढून काढायची नाहीत. सीडीचा चकाकणारा थर लेबलाच्या बाजूलाच, वरच्या पातळ लाखेखाली असतो. कागदाबरोबर तोही येतो आणि गाणं गेलं.

नेमकं काय हाती लागणार तेही आज बघून घेतलं. व्हीसीडीत आवाज एमपी-टू प्रकारचा, ४४.१ किलोहर्ट्‌झ, २२४ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट). डीव्हीडीत ४८ किलोहर्ट्‌झ. प्रकार मात्र वेगवेगळे. कुठे डॉल्बीचा एसी-थ्री, कुठे एमपी-टू, आणि नशीब असेल तर एलपीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला आवाज. सोळा बिट, स्टिरिओ असेल तर १५३६ केबीपीएस. त्यामुळे नियम ठरवला: डिस्कवर जो प्रवाह आहे तो पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे पुन्हा न दाबता, जसाच्या तसा उचलायचा. तोच मूळ ऐवज. फोनसाठीची फाइल त्यावरून नंतर.

विकतच्या चार डीव्हीडींपैकी दोघींना कॉपी-संरक्षण आहे. त्या बाजूला ठेवल्या. विकतच्या डिस्कमधलं जे निघेल ते आत्याच्या फोनवरच राहील, क्लासच्या ग्रुपवर जाणार नाही, हेही तिच्याशी बोलून घेतलं.

खर्च: यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर ₹१,६५०, मायक्रोफायबरची कापडं ₹१२०.

५ नोव्हेंबर

वाया गेलेला दिवस, पण कारण कळलं.

पहिली व्हीसीडी घातली, आतल्या फोल्डरमधली मोठी डॅट फाइल उचलून लॅपटॉपवर ओढली. ७३ टक्क्यांवर अडकली, मग चूक दाखवून बंद. लॅपटॉपवर उबुंटू ही दुसरी प्रणालीही आहे, म्हणून तिथून डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर लावलं. खराब डिस्क वाचायला सगळे तेच सुचवतात. सुरुवातीचा चिमूटभर भाग वाचला आणि पुढे नुसत्या चुका. दुसरी व्हीसीडी घातली, तेच. तिसरी तर पाकिटातून कधी बाहेर आलेलीच दिसत नव्हती, एकही चरा नाही, तरी तेच. संध्याकाळपर्यंत मी पाच व्हीसीडींवर 'मृत' असं लिहून मोकळी झाले होते.

डिस्क ठणठणीत होत्या. डीडीरेस्क्यू २०४८ बाइटचे सेक्टर मागतं. व्हीसीडीवरचा चित्र-आवाजाचा भाग मात्र वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो, सेक्टरमध्ये २३२४ बाइट मजकूर. जास्त चित्र मावावं म्हणून दुरुस्तीसाठीची जास्तीची राखीव जागा त्यात काढून टाकलेली आहे. ड्राइव्ह तो भाग साध्या डेटासारखा द्यायला नकार देतो आणि तो नकार पडद्यावर 'खराब डिस्क' म्हणून दिसतो.

इलाज: व्हीसीडी इमेजर या संचातलं व्हीसीडीएक्सरिप. ते थेट डिस्कवरून एमपेग फाइल काढून देतं. 'मृत' पाचपैकी चार रात्री जेवणानंतर तासाभरात निघाल्या.

६ नोव्हेंबर

पाचवी व्हीसीडी खरोखरच खराब आहे. दुरुस्तीची ती जास्तीची जागा नसल्यामुळे व्हीसीडीवरचा चरा लवकर कानाला लागतो. गाण्यात ठक्‌, ठक्‌ असे आवाज. कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसलं (गोल फिरवून पुसायचं नाही, चरा ट्रॅकच्याच दिशेने पडला तर सलग मजकूर जातो), कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. थोडा फरक पडला. बाजूला ठेवली आहे.

उरलेल्या सतरा व्हीसीडी आज आणि उद्या मिळून होतील. एमपेगमधून आवाज काढणं एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने दोन सेकंदांचं काम: चित्र सोडून दे, आवाज जसाच्या तसा उचल. मिळते ती एमपी-टू फाइल. ती फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आवाज साठवणारा प्रकार) बदलण्यात काही अर्थ नाही. आकार दुपटीहून जास्त वाढतो, आवाज तोच राहतो.

९ नोव्हेंबर

डीव्हीडी. इथे डीडीरेस्क्यू चालतं आणि उत्तम चालतं. आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा करायची, म्हणजे डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एका फाइलीत घ्यायचं, मग डिस्क पाकिटात परत. ड्राइव्हमध्ये तीच डिस्क दहा वेळा फिरवायची नाही. चांगल्या डिस्कला पंधरा-वीस मिनिटं लागली.

डिस्क क्रमांक २७, २००६ ची गुरुपौर्णिमा. पाठीमागून बघितली तर कडेला जांभळट रंग उडून फिकट पट्टा पडलाय. आत्याच्या घरी टीव्हीवर ही शेवटच्या अर्ध्या तासात अडायची. रायटरने रात्रभर खटखट केली आणि सकाळी ३८ एमबी न वाचलेलं राहिलं.

मग बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह आणला, ₹२५०, आणि तो यूएसबीला जोडायचं अडॅप्टर ₹५५०. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. डीडीरेस्क्यू काय वाचलं आणि काय राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतं. तीच प्रतिमा, तोच नकाशा देऊन दुसऱ्या ड्राइव्हवर चालू केलं की ते फक्त राहिलेल्या जागाच विचारतं. जुन्या ड्राइव्हने ३८ एमबीचं काम २१० केबीवर आणलं. मग उलट दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावलं, तेव्हा उरलं ६४ केबी. डीव्हीडीवर दुरुस्तीचा एक गठ्ठा ३२ केबीचा असतो, म्हणजे दोन गठ्ठे गेले. कानाला साधारण एक दशांश सेकंदाची झापड. ती नेमकी दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांमध्ये पडली आहे. अकरा तास लागले, पण ही डिस्क वाचली.

१० नोव्हेंबर

विकतच्या, कुलूप नसलेल्या एका मैफिलीच्या डीव्हीडीवर तीन तास काम केलं आणि सगळं पुसून टाकलं.

फाइल काढली, ऐकली, आवाज पोकळ वाटला. गायिका दिवाणखान्याच्या पलीकडच्या खोलीत बसल्यासारखी. आधी वाटलं रेकॉर्डिंगच असं असेल, म्हणून इक्वलायझर लावून बसले. मग डिस्कवर काय काय आहे ती यादी नीट वाचली. दोन ट्रॅक होते: पहिला एसी-थ्री, ५.१, ४४८ केबीपीएस. दुसरा एलपीसीएम स्टिरिओ. काही न सांगता सोडलं तर एफएफएमपेग सर्वांत जास्त चॅनेलचा ट्रॅक निवडतं. सहा चॅनेल दोनवर चेपले गेले, सभागृहाचा घुमारा समोरच्या आवाजात मिसळला आणि त्यालाच मी गाणं समजत होते.

दुसरा ट्रॅक नाव घेऊन मागितला. एलपीसीएम असल्याने फ्लॅकमध्ये ठेवला. इथे फ्लॅकला अर्थ आहे, एक बिटही हरवत नाही आणि जागा जवळजवळ निम्मी लागते. न दाबता मिनिटाला साडेअकरा एमबी होतात.

तबल्याच्या बायाँवर हाताचा तळवा घासतो तो आवाज या ट्रॅकमध्ये आहे. ५.१ मध्ये तो नव्हता. यापुढे कुठल्याही डीव्हीडीवर पहिलं काम ट्रॅकची यादी वाचणं.

१६ नोव्हेंबर

डीव्हीडीवरचा मजकूर एकेक जीबीच्या व्हीओबी फाइलींत तोडलेला असतो. मी चार फाइलींतून चार आवाज काढले आणि नंतर ते एकाला एक जोडले. गुरुपौर्णिमेच्या द्रुत बंदिशीत, नेमकी सम यायच्या क्षणी, ठेका अडखळला. कान देऊन ऐकलं नसतं तर कळलं नसतं, पण हातावर ताल धरून बसले होते आणि हात चुकला.

झालं असं की आवाज छोट्या छोट्या चौकटींत (फ्रेममध्ये) साठवलेला असतो आणि तोड चौकटीच्या सीमेवर पडत नाही. एसी-थ्रीची एक चौकट ३२ मिलिसेकंदांची. अर्धी पहिल्या फाइलीत, अर्धी दुसऱ्या. वेगवेगळी काढली की दोन्ही अर्धे टाकून दिले जातात. आधी व्हीओबी फाइली जशाच्या तशा एकापाठोपाठ एक चिकटवायच्या, सलग एक फाइल करायची आणि मग आवाज काढायचा. तसं केलं, सम जागेवर आली. आधी काढलेल्या पाच डीव्हीडी पुन्हा केल्या. पूर्ण शनिवार गेला.

१७ नोव्हेंबर

या नोंदीसाठी मी बाकीच्या सगळ्या नोंदी लिहिल्या असत्या.

२००६ च्या त्याच गुरुपौर्णिमेत आत्याने संध्याकाळचा एक राग गायलाय. पाकिटावर लिहिलंय 'मारवा'. विलंबित आलाप. हेडफोन लावून ऐकत होते आणि काहीतरी खटकत होतं. ती एक स्वर लावते, सोडते, आणि ती थांबली की मागचा तानपुरा हळूहळू फुगत वर येतो, जणू कुणीतरी त्याच्याजवळ माइक सरकवतंय. पुन्हा ती गायला लागली की तानपुरा दबतो. तानेत तर तिचाच आवाज मागे ढकलल्यासारखा होतो. एवढं संथ गाणं आणि मागे कुणीतरी सतत व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावून बसलेलं.

मला आधी साउंडवाल्याचा राग आला. पण त्याची काहीच चूक नव्हती.

एसी-थ्रीच्या प्रवाहात आवाजाबरोबर काही सूचनाही लिहिलेल्या असतात: इथे आवाज थोडा वाढव, इथे कमी कर. रात्री हळू आवाजात सिनेमा बघणाऱ्याला संवाद ऐकू यावेत आणि स्फोटाने शेजारी जागे होऊ नयेत म्हणून ही सोय. डीव्हीडी बनवून देणाऱ्या दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये ती सिनेमासाठीच्या ठरावीक मापावर चालूच असायची; कुणी बंद करत नसे. आणि आवाज उलगडताना एफएफएमपेग त्या सूचना पाळतं.

आनंदाची गोष्ट अशी की सूचना आवाजात मुरलेल्या नसतात, नुसत्या सोबत लिहिलेल्या असतात. न पाळायचं ठरवलं की मूळ चढउतार परत मिळतो. डीआरसी स्केल नावाचा पर्याय शून्यावर ठेवायचा, आणि तो फाइलीच्या नावाच्या आधी लिहायचा. नंतर लिहिला तर लागू होत नाही. मी पहिल्यांदा नंतर लिहिला आणि काहीच बदललं नाही म्हणून अर्धा तास डोकं धरून बसले.

शून्यावर ठेवून उलगडलं. सगळ्यात हळू आलाप आणि सगळ्यात जोराची तान यांतलं अंतर आधी १३ डेसिबल होतं, ते २१ झालं. तानपुरा स्थिर झाला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आत्याने क्लाससाठी करून घेतलेली ती जोडी, निषादावर लावलेली, एकसंध झंकारत राहिली आणि तिच्या आवाजाला त्यावर बसायला जागा मिळाली. अठरा वर्षं हे डिस्कवरच होतं.

मूळ एसी-थ्री प्रवाह तसाच जपलाय. ऐकण्यासाठीची फाइल २४ बिटवर उलगडली, सोळावर नाही. एसी-थ्री उलगडताना हिशेब दशांशात होतो, थेट सोळावर आणलं तर अगदी हळू आवाजातले बारकावे हरवायची भीती असते.

२३ नोव्हेंबर

घरच्या बैठकीच्या चार डीव्हीडींमध्ये आवाज डाव्या कानात स्पष्ट आणि उजव्यात लांबून. मला वाटलं एक चॅनेल बिघडलाय. दोन्ही मिसळून मोनो केलं, तर विहिरीत गायल्यासारखं झालं.

शूटिंगची त्यावेळची पद्धतच तशी होती: साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक लाईन घेऊन कॅमेऱ्याच्या डाव्या चॅनेलला द्यायची आणि उजव्याला कॅमेऱ्याचाच माइक ठेवायचा. डावीकडे गायिकेसमोरच्या माइकचा आवाज, उजवीकडे तोच आवाज खोली ओलांडून आलेला. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचा एक खणखणीत 'ना' शोधला आणि दोन्ही रेषा मोठ्या करून बघितल्या. उजवीकडचा ठोका २९ मिलिसेकंद उशिरा. आवाज एवढ्या वेळात साधारण दहा मीटर जातो, आणि आत्याच्या जुन्या वाड्याच्या माजघरातून ओसरीच्या दारापर्यंत तेवढंच अंतर आहे. कॅमेरा दाराशी होता हे चित्रात दिसतंच.

मग डावा चॅनेल २९ मिलिसेकंद उशिरा सुरू केला, उजवा १२ डेसिबल खाली आणून त्यात मिसळला. विहीर गेली. आवाज जवळ आला, आणि मागे माजघर, मध्येच कुणाचं तरी "वा!", भांड्याचा आवाज. फक्त डावा ठेवला असता तर स्वच्छ झालं असतं पण खोली गेली असती. मूळ दोन्ही चॅनेल अर्थातच न मिसळता वेगळे ठेवलेत. उद्या कुणाला याहून चांगलं जमेल.

दर्ग्याच्या आवारातल्या सभेच्या डिस्कवर मात्र मिक्सरची लाईन नाही, कॅमेऱ्याचाच माइक आहे आणि वारा आहे. ८० हर्ट्‌झच्या खालचं कापलं, तेवढंच. वाऱ्याची फरफर काढणारी सॉफ्टवेअर लावून बघितली, ती तंबोऱ्याच्या वरच्या जवारीच्या झंकारालाही वारा समजून पुसतात. सोडून दिलं. वाऱ्यासकट ठेवलंय.

३० नोव्हेंबर

स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारितेला किती आवाज आहे त्याचा आलेख) बघताना त्याच बैठकींत १६ किलोहर्ट्‌झच्या जरा खाली कडा कोसळावा तसा आवाज संपतो. ज्या काकांनी शूटिंग केलं होतं त्यांना आत्याने फोन लावून दिला. ते म्हणाले, मिनीडीव्ही टेपवर दोन रीती असत, १६ बिट आणि १२ बिट. कॅमेऱ्यात मुळातच १२ लावलेलं असायचं, ते तसंच राहायचं. बारा बिटमध्ये आवाज ३२ किलोहर्ट्‌झने घेतला जातो, म्हणून वर १६ च्या पुढे काही नाहीच. हा डिस्कचा दोष नाही आणि कुठल्याही उपायाने वरचं परत येणार नाही.

मी टेपबद्दल विचारलं. टेपवरून थेट घेतलं असतं तर निदान डिस्क बनवतानाचं दाबणं टळलं असतं. काका क्षणभर थांबले. "ताई, टेप महाग होत्या. पुढच्या लग्नाला तीच टेप." त्यांना वाईट वाटलं हे आवाजावरून कळलं. ज्यांच्याकडे अशा डिस्क आहेत त्यांनी शूटिंगवाल्यांना टेपबद्दल आजच विचारावं; काहींकडे अजून असतील.

७ डिसेंबर

जुन्या मराठी चित्रपटगीतांची एक व्हीसीडी, सतरा गाणी. आत्याला फोनवर पाठवलेलं पहिलंच गाणं तिने अर्ध्यात थांबवलं. "ही पट्टी नाही. हे गाणं आम्ही काळी एकमध्ये बसवलं होतं रेडिओवरून. हे चढंय."

पेटी काढून लावून बघितलं. काळी एकपेक्षा वर, पांढरी दोनपेक्षा किंचित खाली. मधेच कुठेतरी.

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि आपल्याकडचा पाल (PAL) पद्धतीचा व्हिडिओ २५ ने. सोपा मार्ग म्हणजे चित्रपट तेवढा जोरात पळवायचा. २०० सेकंदांचं गाणं १९२ सेकंदांत संपतं आणि स्वर अर्ध्या पट्टीपेक्षा थोडा कमी, पण जाणवण्याइतका वर चढतो.

पण पेटीवरून निकाल देणं बरोबर नाही. जुनी रेकॉर्डिंग मुळातच पेटीच्या पट्टीवर असतील असं नाही. पुरावा विजेत सापडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आणि जुन्या ध्वनिमुद्रणात तिचा बारीक गुंजारव राहून जातो. गाण्याआधीची दीड-दोन सेकंदांची शांतता निवडून ऑडॅसिटीत वारंवारितेचा आलेख काढला. ५० च्या जागी ५२ वर टोक, १०० च्या जागी १०४ वर. म्हणजे गुंजारवासकट सगळंच चार टक्क्यांनी पळवलेलं.

सतरापैकी बारा गाण्यांत ५२ मिळालं, तिघांत ५० (ती बरोबर आहेत, त्यांना हात लावला नाही) आणि दोघांत गुंजारव दिसतच नाही. म्हणून सरसकट सगळी डिस्क हळू करायची नाही, गाणं बघून करायची. वेग ०.९६ केला. ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड अँड पिच' वापरायचं. 'चेंज टेम्पो' नुसती लय बदलतं, पट्टी तशीच ठेवतं. मी पहिल्यांदा टेम्पो बदलला होता, आणि गाणं मंद होऊनही चढंच राहिलं.

संध्याकाळी पुन्हा पाठवलं. आत्याचा फोन आला तो उत्तराऐवजी तिने गाणं गुणगुणतच. फोनमधला तिचा सूर आणि लॅपटॉपवरचा सूर एकच होता. गुंजारव न दिसणारी ती दोन गाणी मी तिच्या कानावर सोपवली. एक हळू केलं, एक तसंच ठेवलं, आणि कशाच्या आधारावर ते फाइलीसोबत लिहून ठेवलं.

सैनिकी भरतीच्या गाड्यांमुळे आज रस्त्यावर फार आवाज होता, रात्री दहानंतरच नीट ऐकता आलं. निकाल कानाने द्यायचा असेल तेव्हा वेळ निवडावी लागते.

१४ डिसेंबर

तीन छोट्या डिस्क. लॅपटॉप म्हणतो कोरी आहे. कोरी नाही, कॅमेऱ्यात 'फिनलाइज' करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी अशी बंद करायची, राहून गेली. नुसतं आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये या छोट्या डिस्क कधीच घालू नयेत, अडकतात. तबक बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्ये मधल्या खाचेत बसतात.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे त्याच कॅमेऱ्यात फिनलाइज करणं. कॅमेरा आत्याच्या दिरांकडे निघाला, बॅटरी संपूर्ण गेलेली. फिनलाइज करताना वीज गेली तर डिस्क गमावण्याची भीती, म्हणून जुळणारा अडॅप्टर घेतला (₹४५०) आणि तो इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावला. प्रत्येकी काही मिनिटं, तिन्ही झाल्या. आत एसी-थ्री स्टिरिओ, २५६ केबीपीएस. आत्याची पहिली विद्यार्थिनी, आठ-नऊ वर्षांची असेल, भूपालीची सरगम म्हणतेय. ती मुलगी आता स्वतः शिकवते.

२२ डिसेंबर

तुकडे पाडणं. डिस्कवरच्या चॅप्टरवर विसंबले नाही. दुकानांनी दर पाच मिनिटांनी आपोआप घातलेत, बंदिश मधोमध चिरली जाते. हाताने वेळा लिहिल्या. बैठकीच्या सुरुवातीचं तानपुरा लावणं आणि पेटीशी जुळवणं काढलं नाही. आत्याच्या मते मुलींनी तेच जास्त ऐकावं.

फाइलींची नावं: वर्ष, जागा, राग, बंदिशीचे पहिले शब्द. फोनसाठी १९२ केबीपीएस एएसी. मूळ प्रवाह, डिस्कच्या प्रतिमा आणि वहीतली यादी हे सगळं दोन हार्ड डिस्कवर, एक टीबीच्या, प्रत्येकी ₹४,३००. एक माझ्याकडे, एक सांगलीला. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवून बघितले.

५ जानेवारी २०२५

हिशेब. एकूण खर्च ₹११,६२०, त्यातले ₹८,६०० साठवणीचे. वेळ साधारण सत्तर तास, त्यातले वीसेक तास चुका पुन्हा निस्तरण्यात. एक्केचाळीसपैकी छत्तीस पूर्ण निघाल्या, दोन अर्धवट, एक व्हीसीडी अजून बोलत नाही, संरक्षण असलेल्या दोन तशाच पाकिटात.

आज हार्ड डिस्क द्यायला सांगलीला गेले. आत्याला हेडफोन दिला आणि २००६ चा तो आलाप लावला. डोळे मिटून तिने बारा मिनिटं ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाली, "मारवा कुणी लिहिलंय? मी गंधार-निषादावर थांबतेय, ऐक ना. रिषभ-धैवताकडे जातच नाहीये. हा पूरिया आहे." पाकिटावरचं अक्षर डीव्हीडी करणाऱ्या दुकानातल्या मुलाचं असावं.

फाइलीचं नाव तिथेच बदललं, दोन्ही हार्ड डिस्कवर, आणि यादीतही.